हमीदाच्या नावावर माझं बोट

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणाला शोधत बसायला नको. काही आठवड्यांपूर्वी आमच्या गावच्या दवाखान्यात, ओपीडीच्या खिडकीसमोर, मी हमीदा बनून उभी राहिले. डोक्यावर तिची ओढणी, तोंडाला मास्क, हातात तिच्या नावाचा केसपेपर. आतून आवाज आला, "हमीदाबी, बोट द्या." मी दिलं. माझंच. चिमट्यासारखं ते यंत्र बोटाला लागलं आणि आतला आवाज म्हणाला, "ऑक्सिजन एकदम चांगला आहे आजी, काळजी करू नका." केवढी खूश झाले मी! आणि जिचा ऑक्सिजन चांगला निघाला ती हमीदा त्या वेळी घरी, उशांना टेकून, एकेका श्वासासाठी झगडत होती... आता ती नाही.

सोंगं घ्यायची माझी खोड जुनी. लग्न होऊन या गावात आले तेव्हाची मी आठवली की आजही तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. अक्कल कमी, तोरा जास्त. थोरल्याला लस टोचायला याच दवाखान्यात नेलं होतं. रांग ही एवढी. मी डोळे फिरवून मटकन खाली बसले. म्हटलं, चक्कर आली असं वाटून पुढं घेतील. पुढं कोणी घेतलं नाही. मागच्या एका अनोळखी बाईनं मात्र आपलं लेकरू शेजारणीच्या कडेवर दिलं आणि भरलेला तांब्या माझ्या डोक्यावर रिकामा केला. नवी कोरी साडी चिंब! मी ताडकन उभी. "आली शुद्धीवर," ती बाई म्हणाली, "आता गुमान मांगं जाऊन उभी राह्य, नाही तं अजून एक तांब्या आणते." ती हमीदा. पंप दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंची बायको.

त्या दवाखान्याच्या बाकावरच आम्ही म्हाताऱ्या झालो म्हणा ना. तिला बीपी, मला शुगर. बाजाराच्या दिवशी आधी ओपीडी, मग भाजी, मग रस्ताभर डॉक्टरांची निंदा. डॉक्टर पारखायची हमीदाची एकच रीत होती, हातगुण. जो मनगट धरतो, पोट दाबून पाहतो, पाठीला नळी लावून "श्वास घ्या" म्हणतो, तो डॉक्टर. "अन् जो नुसता लिवते," ती म्हणायची, "तो मास्तर."

मग हा साथीचा आजार आला आणि दवाखान्यानं हातच आखडून घेतला. दारात आडवं टेबल, त्याला दोरी, खिडकीला प्लास्टिकचा पडदा. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टरीणबाई दिसूनच नाही राह्यली, नुसता आवाज येऊन राह्यला, रेडिओवानी." त्याच्या मागची बाई म्हणाली, "रेडिओ बरा ना बाप्पा, त्याचा कान तरी पिळता येते!" सगळे हसलो. पडद्यामागची ती पोरगी प्लास्टिकच्या कपड्यात घामानं भिजत होती, हे तेव्हा आम्हाला दिसलं नाही. आम्हाला एवढंच कळत होतं, की कोणी हात लावत नाही. आणि खोकला म्हणालात तर तुम्हाला पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं करतात, तिथं न्यायला गाडी येते. मग लोक खोकला गिळायला शिकले. ताप असलेला माणूस कंबर दुखते म्हणून सांगायचा आणि मलमाची ट्यूब घेऊन घरी जायचा.

त्या दिवसांत आमच्या समोरच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस पडून होता. खरेदी बंद, न्यायचा कुठं? अंगाला खाज, नाकात धूळ. हमीदा येऊन त्या कापसालाच टेकून बसायची आणि खोकायची. "तुह्या कापसानं जीव घेतला माहा," म्हणायची. मलाही तेच खरं वाटलं. कापूसच असेल... पण मग तिनं येणं बंद केल्यावरही खोकला थांबेना. पाय सुजले. आडवं झालं की दम कोंडायचा. बसूनच डोळा लागायचा तेवढा.

"दवाखान्यात चाल," मी म्हटलं, तर तिनं माझा हात घट्ट धरला. "मले नेतीन, कमल. तिकडं एकटीच मरीन मी. माह्यं तोंड कोणी पाह्यणार नाही. आखरीची आंघोळ कोण घालन मले? प्लास्टिकमंदी बांधतीन अन् टाकतीन."

तेव्हा माझ्या डोक्यातून ही कल्पना निघाली. तिच्या नावानं मीच जाते, औषध आणते. हमीदा कितीतरी दिवसांनी हसली. खोकत खोकत म्हणाली, "जाय. चक्कर गिक्कर नको आणू फक्त."

खिडकीत मी खोकला तेवढा गिळला, बाकी सगळं सांगितलं. दम लागते, पाय सुजले, झोपता येत नाही. शब्द सगळे तिचे होते. पण रांग मागं रेटत होती, शब्दांना वेळ नव्हता, बोटालाच विचारलं गेलं. "भीतीनंही होतं आजी," असं सांगून गॅसच्या आणि ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. संध्याकाळी रशीदभाई शेतातला पंप दुरुस्त करून आले. त्यांना वाटलं, हमीदाच जाऊन आली. आम्ही दोघींनी तसं वाटू दिलं. "मशीननं चांगलं सांगितलं," मी म्हटलं. मशीनवर त्या माणसाचा जन्मभराचा भरवसा!

त्या भरवशावर आम्ही थांबलो. ओठ काळे पडले तेव्हा जीप करून यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. दारातून आत ती एकटीच, नियमच होता. चाकाच्या खुर्चीवरून नेताना तिनं मान वळवली, काहीतरी म्हणाली. मास्कमधून ऐकू आलं नाही. रशीदभाई म्हणतात, पाणी मागितलं. मला वाटतं, माझं नाव घेतलं... कोणाला विचारणार? त्यानंतर आला तो फोनच. ज्याची तिला भीती होती ते सगळं तसंच झालं. आंघोळ नाही, तोंड पाहणं नाही. काय आजार होता, तेही कोणी नीट सांगितलं नाही. वेळेवर कोणी पाठीला नळी लावली असती तर वाचली असती का, हे मी रोज स्वतःला विचारते. लावणार कुठून? पाठ घरी होती, खिडकीत मी होते.

मागच्या आठवड्यात रशीदभाईंच्या दुकानात गेले आणि सांगून टाकलं. बोट माझं होतं. ते बेअरिंग पुसत होते, पुसतच राहिले. स्वच्छ झालेलं पुन्हा पुसलं. त्यांनी मला शिव्या द्याव्या म्हणून मी किती वेळ बसून राहिले. शेवटी उठले, चपला घातल्या, तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटलं,

"सोमवारी मले माह्या बीपीच्या गोळ्या आणाले जायचं हाय, कमलबाई. तुम्ही संग चाला. पण खिडकीत मीच बोलन."