उपासाच्या दिवशीचा डोस

निजामाच्या अमलात, अंबडच्या दवाखान्याबाहेर एका बाकावर तो गृहस्थ मला भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण बोलायची पाळी त्याने माझ्यावर येऊच दिली नाही. कानामागे विडी, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्याचा इलाज तोंडपाठ. माझ्या हिवतापावर कडुनिंब सांगून झाला होता.

शेजारी त्याची दहा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. तिला फेफरं येई. आदल्या झटक्यात जीभ चावली गेल्यामुळे ती तोंडावर पदर धरून होती. मांडीवर औषधाची बाटली, तिच्यावर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी. महिना संपला तरी बाटली निम्मी भरलेली.

"डॉक्टर म्हंते एक रोज बी चुकवू नका," तो म्हणाला. "मी बराबर देतो. पण एकादशी, चतुर्थी, सोमवारी समद्या घराला उपास, कसं देणार? दवेनं उपास मोडतो. अन् झटका बी नेमका उपासालाच येतो. देवीचा कोप हाये. म्हणून आता शुक्रवार बी धरलाय."

एवढं सांगून त्याने विडी पेटवली.

"आज सोमवारच ना?" मी विचारलं.

"बिडीनं न्हाई मोडत. धूर पोटात ऱ्हात न्हाई."

मुलीने पदर बाजूला केला. "मंग माझी दवा बी धुरातच द्या ना, बाबा."

मी मनापासून हसलो. तेवढ्यात कंपाउंडरने मला क्विनाईनची पुडी दिली आणि लगेच घ्यायला सांगितलं. मी ती खिशात ठेवली. सोमवार माझाही होता.