खडा वेचणारी बोटं

आमच्या गावात स्त्री-आरोग्याची पहाट शाळेच्या व्हरांड्यात उगवली, असं पाहुण्यांनी भाषणात सांगितलं. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि निम्म्या बाया सावलीसाठी आल्या होत्या.

खिचडीबाई मात्र ऐकायला आली होती. कामठ्याजवळच्या आमच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. तांदूळ डोळे मिटून निवडायची. "डोळे चुकतेत मॅडम, बोटं नाही चुकत." सरकारी तांदळात खडे भरपूर, पण पोरांच्या दाताखाली कधी एक आला नाही. हेडमास्तरांनी एकदा चव घेऊन वहीत 'उत्तम' असा शेरा लिहिला, तेव्हा म्हणाली, "गुरुजी, मीठ टाकाचं हाये अजून."

त्या दुपारी उपकेंद्राच्या सिस्टर स्वतःची छाती कशी तपासायची ते शिकवत होत्या. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, बोटांच्या पेरांनी, थेट काखेपर्यंत. "तांदळातला खडा शोधता ना, तसं." बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"खडा भेटला तं फेकता येते," खिचडीबाई म्हणाली. "हा कुठी फेकू, सिस्टर?"

सिस्टर उत्तर देणार, तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी सिस्टरना खाली बसवलं. मग हार, नारळ, पहाट. उत्तर राहून गेलं.

दोन वर्षांनी तिला पातेलं उचलेना. दार लोटून तिने मला दाखवलं. गाठ लिंबाएवढी, वरची कातडी आत ओढलेली. हरभऱ्याएवढी होती तेव्हापासून तिला ठाऊक होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"दर महिन्याले पाहून राहिली ना मी! एक महिना नाही चुकवला. दुखे बी नाही. सिस्टरनं पाहाले सांगतलं, दाखवाले कोणं सांगतलं?"

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हरभऱ्याएवढी असतानाच आणायला हवं होतं. तिने विचारलं, "पण बोटं तं नाही चुकली ना, डॉक्टरसाहेब?" "नाही चुकली," ते म्हणाले. तिला बरं वाटलेलं दिसलं. 

भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती गेली. शोकसभेला तेच पाहुणे आले. या वेळी मी आधी सिस्टरना उभं केलं. गाठ लागली, की दुखो न दुखो, त्याच आठवड्यात दवाखाना. एकेका बाईकडून त्यांनी ते वदवून घेतलं. पाहुणे अर्धा तास जीपमध्ये बसून होते. मग येऊन म्हणाले, तिची जागा कधीही भरून निघणार नाही.

सोमवारी नवी बाई आली. चव घेताना हेडमास्तरांच्या दाताखाली खडा आला. तो त्यांनी खिडकीबाहेर टाकला आणि वहीत 'उत्तम' असा शेरा लिहिला.