मडगार्ड बसले की जातो

फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात माझ्या दुकानात कुणाच्या तरी सातबाराच्या झेरॉक्स काढत होतो. शालूबाई, माझी मोठी बहीण, सावली गावाहून बोलत होती. रडत नव्हती. "गेले रे," एवढंच म्हणाली, आणि मग जरा थांबून, "तू ये..." मशीनमधून कागद बाहेर पडतच होते. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, माझे भाऊजी गेले. तो बिचारा उठला आणि माझ्याबरोबर शटर ओढू लागला.

भाऊजी म्हणजे विनायक मास्तर. सावलीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. तोंडाच्या कॅन्सरनं गेले, आणि तो कशानं झाला हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. पाहुण्याला पाणी एक वेळ उशिरा मिळेल इथे, खर्रा नाही. भाऊजींच्या तेरवीला मांडवाबाहेर चारजण पन्नी घोटत उभे होते. एकानं माझ्यापुढेही धरली. "घ्या ना भाऊ. मास्तर लय देवमाणूस होता." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलून काय होणार होतं? खर्र्यानं त्याचंही तोंड पुरतं उघडत नव्हतं, ते मला दिसत होतं.

पण मला लिहायचंय ते त्यांच्या सायकलीबद्दल. पुण्याच्या कुठल्याशा मित्राकडून त्यांनी एक जुनी शर्यतीची सायकल आणली होती. तिला फ्री-व्हील नाही. चाक फिरलं की पायडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. तलावाच्या पाळीवरून उतरतानाही मास्तरांचे पाय गरगर चालू असायचे, आणि लोक म्हणायचे, "मास्तर उतारावरबी पायडल मारून राह्यला, येडा झाला का?" मीही पुष्कळ चिडवायचो. ते म्हणायचे, "साळेसाहेब, हिच्यावर बसून आळस करता येत नाई. म्हणूनच घेतली." सायकल होती मात्र देखणी. काळी, सडपातळ, उगीच एक तार जास्त नाही.

दुखणं एकच, मडगार्ड नव्हते. पावसाळ्यात शाळेत पोचेपर्यंत पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ उठायची, पोरं हसायची आणि घरी शालूबाई तो शर्ट घासता घासता सायकलीचा उद्धार करायची. आणि मडगार्ड लावायचे तर जागा कुठे? चाक धरणारा पुढचा चिमटा आणि टायर यांच्यामध्ये करंगळी जात नव्हती. दुकानातला कुठलाही मडगार्ड तिथे अडकायचा. मी म्हटलं, "जात नाई त नका लावू." तर म्हणे, "असं कसं? अन् प्लास्टिकचे त लावतच नाई. एवढी सुंदर सायकल, तिले बादलीचा तुकडा बांधू काय?" मग बांबू. आमच्याकडे बांबूला काय तोटा! हिरवा बांबू चिरायचा, चपटी पट्टी विस्तवावर शेकायची, जुन्या रिमवर दोरीनं आवळून वाकवायची, सुकली की जवसाचं तेल पाजायचं. मधासारखा रंग यायचा. पहिली पट्टी मोडली. दुसरी टायरला घासू लागली. तिसरी समोरून इतकी लांब झाली, की वळणावर बुटाचं टोक तिच्यात अडकलं, पाय तर थांबत नाहीत, आणि मास्तर सायकलीसकट धानाच्या बांधीत. गावभर हसू झालं. सगळ्यात जास्त तेच हसले.

हसले म्हणजे काय... हसताना तोंड उघडत नव्हतं. त्या वर्षीच्या हिवाळ्यात शाळेत तोंडाच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. मास्तरांचं दीड बोट गेलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आणि एक जखम. नागपूरला जाऊन तुकडा तपासून घ्या, असं बाईंनी बजावलं. भाऊजींनी घरी सांगितलं, दाढ दुखून राह्यली. जेवताना वरण-भात कालवून घ्यायचे, भाजीला तिखट लागते म्हणून नावं ठेवायचे. शालूबाईनं तिखट कमी केलं, मग बंदच केलं, आणि तरी लागतच राहिलं तेव्हा तिला कळलं. शिबिराची गोष्ट तिला दुसऱ्या एका मास्तरीणबाईंकडून समजली.

त्यानंतर ती रोज पाठीमागे लागायची. नागपूर, नागपूर. आणि ते अंगणात चाकाजवळ उकिडवे बसलेले. "मडगार्ड बसले की जातो ना." एकदा माझ्यासमोर तिचा तोल सुटला. "तुमाले चाकातली गॅप दिसते, तोंडातली काऊन दिसत नाई?" भाऊजींनी वरही पाहिलं नाही. पट्टीवरून कानस फिरवत म्हणाले, "दिसते ना वो. म्हणूनच त चाकाकडं पाहतो." खर्रा तेव्हाही गालात होता.

उपाय शेवटी त्यांना सापडला. जिथे जागाच नाही तिथे मडगार्ड घालायचाच नाही. चिमट्यापाशी कापायचा, अर्धा पुढे, अर्धा मागे, मधला भाग मोकळा. लांबून पाहणाऱ्याला तो अखंड वाटतो. मागच्या चाकालाही तसंच. फक्त मागे एक बारीक खडखड उरली, आणि वाजणारी सायकल त्यांना अजिबात खपत नसे. तीही त्यांनी दोन दिवसांत कशी घालवली कोण जाणे. श्रावणातल्या झडीत ते शाळेत जाऊन आले आणि दारात पाठमोरे उभे राहिले. "पाह्य वो, एक ठिपका नाई!" बोलणं एव्हाना बोबडं झालं होतं. शालूबाईनं त्या शर्टावरून हात फिरवला. खरंच कोरा होता. "मंग उद्या नागपूर," ती म्हणाली. ते मुकाट्यानं गेले.

पुढचं लिहिवत नाही. अर्धा जबडा काढला, तरी कॅन्सर मानेत उतरलाच होता. "थोडं आधी आले असते तर..." असं डॉक्टर म्हणाले, वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि आम्हीही करायला लावलं नाही. नाकात नळी, बोलणं बंद. मी रविवारी गेलो की दोन बोटांनी चाक दाबल्याची खूण करायचे. हवा भरली का? मी भरायचो. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आता तिच्यावर कुणी बसणार नाही.

परवाच्या रविवारीही गेलो. सवय. शालूबाईनं घरातली प्रत्येक पन्नी शोधून शोधून चुलीत घातली आहे. चुन्याची डबी, सुपारीचा डबा, सगळं. जो खर्रा काढेल त्याला ती दारातून परत पाठवते, मग तो दीर असो की सरपंच. सायकल समोरच्या खोलीतच आहे. पंप मारायला अंगणात घेतली तर चाकांबरोबर पायडलही आपोआप फिरू लागले, रिकामेच, आणि एक माझ्या नडगीवर बसला. मी वाकलो तेव्हा मागच्या मडगार्डाच्या सांध्यात काहीतरी दिसलं. बांबू आणि लोखंडाच्या मध्ये घट्ट दाबून बसवलेली, चौघडी केलेली पन्नी. खर्र्याची. कडेला चुना वाळलेला होता, वास अजून येत होता.

"बाई," मी हाक मारली, "हे पाह्य... काढून फेकू का?"

ती आली. पदर सावरून खाली बसली आणि त्या सांध्याकडे वाकली. मला वाटलं, आता ही ओरबाडून काढणार. तिनं बोट लावून पाहिलं फक्त.

"राहू दे," ती म्हणाली. "काढली त सायकल वाजन."