मनुबाईने बुजवलेलं तळं

श्रीवर्धनच्या समुद्राकडल्या एका आळीत मधोमध तळं होतं. १९५२ साली मनुबाईचा धाकटा कान्हा हिवतापाने गेला, आणि तिने त्या तळ्याशी उभं वैर धरलं. डास तिथलेच. नवरा भागोजी आळीचा पुढारी. त्याच्या मागे लागून तिने तळं मुरूम टाकून बुजवून घेतलं. वर चोपून पटांगण केलं. तिथे बैलगाड्या सुटू लागल्या, बाजार भरू लागला. मनुबाईच्या जिवाला जरा थंडावा मिळाला.

काही वर्षं गेली. थोरली सून केसर बाळंत झाली. वैशाखात मनुबाईने तिच्यासाठी अळणी पेज केली. केसरने एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"आई, मीठ घातलंत?"

"न्हाय गो."

मनुबाईने पेज चाखली. मग हंड्यातलं पाणी. मग विहिरीवर जाऊन पोहरा ओढला आणि ओंजळ तोंडाला लावली. पाणी खारट. तिला ते थुंकावं लागलं. ती काठावरच बसली. शेजारच्या विहिरींचीही तीच गत. वाडीतल्या पोफळी का करपतायत, ते आता कळलं.

श्रावणात ती पडवीत उभी होती. पावसाचा लोंढा पटांगणावरून थेट समुद्राकडे चालला होता. पूर्वी हेच पाणी तळ्यात थांबायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, विहिरींना पुरायचं. ते मुरणं थांबलं, म्हणून समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरलं, हे तिला उमगलं.

"तळं परत खणायला हवं," ती भागोजीला म्हणाली.

"तू बोलतेस हे? आपला कान्हा..."

"व्हय, मीच. नातवाला काय पाजू?"

बाजारवाले अडून बसले. दिवाळीनंतर तिनेच कुदळ उचलली, मागून आळीतल्या बायका आल्या. शेवटी अर्धं पटांगण बाजाराला राहिलं, अर्ध्यात तळं झालं. हिवताप खात्याच्या माणसाने त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले.

विहिरी गोड व्हायला बरेच पावसाळे लागले. अगदी किनाऱ्यालगतच्या दोन तर कधी सुधारल्याच नाहीत. मनुबाई मात्र रोज सकाळी तळ्याकाठी उकिडवी बसून पाण्यात अळ्या शोधायची. एकही दिसली नाही, तरी तिचा विश्वास बसत नसे.