पेन्सिल न लावलेलं सोलापूर

दुपारचे तीन. डोळ्यांवर झापड येतेय, तरी निंबर्गींचं बोलणं कानातून जात नाही. शहरावरच्या प्रदर्शनाचे ते संयोजक. माझे तीस फोटो त्यांनी निवडलेत, पण जुन्या सोलापूरच्या भिंतींवरचे पोपडे, तडे, फटींतून उगवलेले पिंपळ कॉम्प्युटरवर पुसून द्या म्हणतात. नाहीतर फोटो परत. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आयुष्यातल्या पहिल्या प्रदर्शनाला नाही म्हणायचं बळ माझ्यात नाही.

उशाशी कुणीतरी पेन्सिलीला टोक काढतंय.

"झोपलीस व्हय, शकुन?"

नरसय्या मास्तर. यांच्याच स्टुडिओत मी कॅमेरा धरायला शिकले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झालीत हे मला ठाऊक आहे, तरी मी उठून खुर्ची पुढं करते.

ते बसत नाहीत. दार उघडतात आणि आम्ही थेट बंद गिरणीत असतो. यंत्रांच्या जागी गुडघाभर गवत, फुटक्या छपरातून ऊन. मी चालता चालता निंबर्गींचं सगळं सांगते. मास्तर ऐकत जिना चढतात. जिना संपतो तो एका चाळीच्या गॅलरीत. गंजलेला नक्षीचा कठडा, निळ्या चुन्याची भिंत, आणि पाठमोरी उभी असलेली एक बाई.

"चाळीस वर्षं मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवली," मास्तर म्हणतात. "लोकांचे देवीचे व्रण बुजवले. लोक खूश. माझ्या बायकोचे, राजव्वाचेपण बुजवले, प्रत्येक फोटोत. ती गेली तेव्हा सगळे फोटो पुढ्यात घेऊन बसलो. एकातपण ती नव्हती."

मग मी काय करू, एवढंच विचारते.

"फोटो काढ."

बाई वळते. राजव्वाकाकू. चेहराभर व्रण, आणि प्रत्येक खळग्यात ऊन साचलेलं. त्या पदर ओढून घेत नाहीत. हनुवटी वर करून सरळ माझ्याकडं बघतात, बघ म्हणल्यासारखं. हात हलू नये म्हणून मी दंड भिंतीला घट्ट टेकवते आणि कॅमेऱ्याचं बटण दाबते. मास्तर बाजूला ताठ उभे आहेत. त्यांची नजर काकूंवरून हलत नाही.

जाग येते. चहासुद्धा न घेता मी निंबर्गींना फोन लावते. एकही तडा पुसणार नाही म्हणून सांगते. ते समजुतीच्या सुरात विचारतात, पाहुण्यांना आपलं शहर चांगलं दिसायला नको का?

"चांगलंच दिसतंय, साहेब. तुम्हाला नको असतील तर फोटो परत पाठवा. चाळींच्या गॅलऱ्यांवर टांगीन मी ते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावते, तेव्हा उजव्या दंडाकडं लक्ष जातं. कोपरापासून खांद्यापर्यंत निळा चुना. आमच्या घरात एकाही भिंतीला चुना नाही.