चाळणीखालची खाडी

वाशीमहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत खिरीचे तांदूळ, चारोळी आणि परतीची दोन तिकिटं होती. एक माझं, एक प्रज्ञाचं. माझी ही लेक कोकणात खाडीकाठी संशोधन करते. तिची आई गेल्यानंतरची पहिली बुद्धपौर्णिमा आली होती. एकट्यासाठी खीर शिजवायची नव्हती, म्हणून तिला आणायला मीच निघालो. आमच्या कारंज्याला गल्लीभर सांगूनही झालं होतं, "पोरगी येऊन राह्यली."

रेल्वेनंतर एसटी आणि एसटीनंतर घाट. घाटात माझ्या पोटानं सोबत सोडली. खाडीचं ते अफाट पाणी पाहून मी म्हणालो, "इतकं पानी, अन् प्यायले नाही." प्रज्ञा हसली. फोनवर ती अशी हसत नाही.

ती राहते त्या घरच्या काकूंनी माशाचं कालवण वाढलं. तुमच्याकडे समुद्र नाही तर संध्याकाळी बघता तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तूर."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही कांदळवनात (खाऱ्या पाण्यातल्या झाडीत) उतरलो. प्रज्ञानं चिखलात लांब नळी ठोकली, उपसली, आतला चिखल उभा चिरून अर्धा बाजूला ठेवला आणि उरलेल्याच्या काकडीसारख्या चकत्या केल्या. मी मदत केली, म्हणजे एक चप्पल खाडीला दिली.

घरी तिनं एक चकती धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मला आधी माझीच पापणी दिसली. मग दिसले रव्याहून बारीक शंख. हे एका पेशीचे जीव. कोणी भरतीच्या वरच्या कडेला राहतात, कोणी खाली, रोज बुडणाऱ्या जागी. आपली उंची सोडून ते जगत नाहीत आणि मेल्यावर कवच तिथंच राहतं. म्हणून कोणत्या थरात कोणाचे शंख, त्यावरून समुद्र तेव्हा कुठवर चढत होता ते कळतं.

संध्याकाळी ती बाजारात गेली. पोरीचं काम हलकं करावं म्हणून मी उरलेल्या चकत्या धुवायला घेतल्या. तिच्या चाळण्या दोन होत्या, एक भरड, एक बारीक. बारीक जाळीतून पाणीच उतरेना, म्हणून ती बाजूला ठेवली. धान्यबाजारात माझा जन्म चाळणीवर गेलेला. वर राहतो तो माल, खाली पडते ती माती. वरची मुळं आणि पानं मी नीट डब्यांत भरली.

"बाबा, खालचं पानी कुठी हाय?"

"झाडाले टाकलं. गाळ होता निस्ता."

ती खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शंख त्याच्यातच होते, बाबा."

बाजूला ठेवलेला अर्धा चिखल ती थरांचं वय काढायला बाजारातून कुरिअरनं पाठवून आली होती. आता जुन्या भोकाशेजारी, जरा खालच्या अंगाला पुन्हा नळी ठोकायची, आणि ती जागा उघडी पडते पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच.

"मले थांबा लागन," ती म्हणाली.

"थांब. खीर जमते मले," मी म्हणालो. जमत नाही.

परतीच्या गाडीत शेजारच्या जागेवर मी तांदळाची पिशवी ठेवली होती. कोणी बसलंय का, असं एकानं विचारलं. मी नाही म्हणालो आणि पिशवी मांडीवर घेतली.

कारंज्याला घरी पोचून पॅन्टची दुमड सोडली, तर फरशीवर वाळलेला चिखल पडला. मी लगेच प्रज्ञाला फोन लावला, म्हटलं, तुझी थोडी खाडी माझ्यासोबत आली, पाठवू का?

"कोन्या उंचीवरची हाय ते मालूम नाही नं, बाबा. कामाची नाही. झटकून टाका."

बरं म्हणालो, आणि चारोळी वाटीत काढून त्या डबीत ती माती भरली. त्या मातीची उंची मला पक्की ठाऊक आहे. प्रज्ञा गुडघाभर चिखलात नळी धरून उभी होती आणि मी तिच्या डाव्या हाताला.