ब्रायटनला नेलेली पुरी

अमेरिकेत, सनीव्हेलच्या पार्कात रोज भेटणाऱ्या त्या रिटायर्ड डॉक्टर काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही मुलांना घेऊन इंग्लंडला, ब्रायटनच्या समुद्रावर चाललोय म्हटल्यावर त्यांनी काठीनं मातीत अख्खा किनारा काढला.

"वाळू नाही हं, नुसते गोटे. जाड चपला घ्या. आणि खाताना भिंतीला टेकून बसा. सीगल पक्षी मागून येतात! माझ्या हातातली तिखटमिठाची पुरी पळवली होती."

मग काठी थांबली. "खरं सांगू? एक पुरी जाऊ द्याच. आमच्या मुलांना तिथलं दुसरं काहीच आठवत नाही. त्या पुरीचा विषय निघाला की अजून हसतात."

ब्रायटनला मी मुलांना भिंतीला टेकवून बसवलं. स्वतः मात्र चार पावलं पुढे गेलो आणि पुरी चांगली उंच धरली.